मेक्सिकन बाजारातल्या ताकेरियात टाको आणि बरिटो कसे खावेत : निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी टिपणे

आमच्या गल्लीतले एक जोडपे लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने कॅलिफोर्नियाला निघाले आहे. भडंग, चटणी आणि कांदा-लसूण मसाला यांच्या वजनाचा हिशेब झाल्यावर त्यांनी मला विचारले, की तिथे बाहेर खायची वेळ आली तर कोल्हापूरच्या जिभेला मानवेल असे काय मिळते. दोनदा तिकडे राहून आल्यामुळे माझे उत्तर ठरलेले आहे : मेक्सिकन लोकांच्या बाजारातली ताकेरिया, म्हणजे टाकोची खाणावळ. मात्र तिथली रीत ठाऊक नसेल तर पहिल्या खेपेस हमखास फसगत होते, म्हणून त्यांना तोंडी सांगितले तेच इथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

हा बाजार म्हणजे मोठे किराणा दुकान असते. पुढे भाजी, डाळी-कडधान्ये आणि वाळक्या मिरच्यांचे ढीग, आत खाटकाचा काउंटर, आणि त्याच्या शेजारी किंवा पार मागच्या भिंतीला लागून एक भटारखाना व चार-सहा टेबले. पाटी मोठी नसते, खुर्च्या एकमेकींशी जुळत नाहीत, पाणी कागदी पेल्यात मिळते. सजावटीवरून ठिकाण पारखू नये. दुपारी बाराच्या सुमारास रंगाने माखलेल्या कपड्यांतले कामगार रांगेत उभे आहेत की नाहीत ते पाहावे. पापडासारख्या कडक कवचात पिवळे चीज आणि लेट्यूस भरलेला टाको हा अमेरिकन वळणाचा प्रकार आहे. त्याची अपेक्षा ठेवून इथे येऊ नये.

काउंटरवर प्रथम ‘पारा आकी’ म्हणजे इथेच खाणार, की ‘पारा येवार’ म्हणजे बांधून नेणार, हे विचारतात. टाको म्हणजे टॉर्टिया नावाच्या मक्याच्या पातळ पोळीत सारण घालून दुमडलेला पदार्थ. तो नगावर मिळतो आणि तळहाताएवढाच असतो, म्हणून माणशी तीन-चार लागतात. तरीही सगळे एकदम मागवू नयेत. गरम टॉर्टियाला पाच मिनिटांत ओल चढते आणि मग ती बोटांतच तुटते, त्यामुळे आधी दोन खाऊन पुन्हा उठावे हे बरे. ‘कोन तोदो’ म्हटले की सगळे घालून मिळते, आणि सगळे म्हणजे बहुतेक ठिकाणी बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि थोडा साल्सा म्हणजे पातळ चटणी एवढेच. मिसळीच्या दुकानात बाहेरगावचा माणूस ‘फरसाण कमी, कट वेगळा, कांदा नको’ असे सांगू लागला की वाढप्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते तिथेही पाहायला मिळतात. पहिल्यांदा तरी ते देतील तसे घ्यावे. नंबर स्पॅनिशमध्ये पुकारतात, म्हणून पावती हातात धरून काउंटर दिसेल अशा जागी बसावे.

फळ्यावरची मांसाची नावे मात्र घरूनच पाठ करून जावीत, कारण आपल्याकडच्या बहुतेकांच्या दृष्टीने खरा धोका तिथेच असतो. ‘कार्ने असादा’ या निरुपद्रवी नावाचा अर्थ ‘भाजलेले मांस’ एवढाच असला तरी व्यवहारात ते गोमांस असते. ‘रेस’ हा शब्द दिसला की गोमांस, ‘पुएर्को’ दिसला की डुक्कर. ‘कार्नितास’ म्हणजे डुकराच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले डुकराचे मांस. ही मिचोआकान प्रांताची खासियत. ‘अल पास्तोर’ हेही डुकराचेच, पण त्याची वंशावळ मजेदार आहे : लेबनॉनमधून मेक्सिकोत येऊन स्थायिक झालेल्यांनी उभ्या सळईवर भाजायचा शॉर्मा आणला आणि पुढे त्यात मेक्सिकोची मिरची व अननस मिसळले. ‘लेंग्वा’ म्हणजे जीभ, ‘काबेसा’ म्हणजे डोके, ‘बुचे’ म्हणजे डुकराचे पोट. मुंडी आणि वजडी आवडीने खाणाऱ्यांना यात दचकण्यासारखे काही नाही, पण प्राणी कोणता हे विचारून घ्यावे. कोंबडी म्हणजे ‘पोयो’. काहीच ठरत नसेल तर पोयो मागावा, जरी तो तिथला सर्वांत कमी चवीचा प्रकार असतो असे माझे मत आहे.

टाकोची टॉर्टिया मक्याची असते, पण ती मक्याची भाकरी नव्हे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी टरफल चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. चुन्यामुळे त्या पिठाला असा चिकटपणा येतो, की पातळ लाटी वाकवली तरी तिची कड चिरत नाही. शिवाय मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व त्यामुळेच शरीराला मिळते. टॉर्टियाला जो किंचित मातकट, पावसाळी वास येतो तो याच चुन्याचा असतो. तो आवडायला मला तीन टाको लागले.

आता प्रत्यक्ष खाणे. बहुतेक ठिकाणी एका टाकोला दोन टॉर्टिया एकावर एक देतात. एक फाटली तर दुसरी सांभाळून घेते, आणि खाली सांडलेला ऐवज गोळा करून दुसरीत भरला की अर्धा टाको फुकट मिळतो. आधी लिंबू पिळावे, मग साल्सा घालावा, आणि अंगठा व पहिली दोन बोटे यांनी दोन्ही कडा वरच्या बाजूला चिमटीत धरून टाको आडवाच उचलावा. तोंडाकडे नेताना टाको तिरका करू नये, मान तिरकी करावी. टाको तिरका झाला की दुसऱ्या टोकातून सगळा रस मनगटावर उतरतो. कोपर बाहेर, पाठ पुढे झुकलेली आणि हनुवटी ताटलीच्या वर, असे बसावे. काटा-चमचा मागू नये. तीन-चार घासांत टाको संपतो, आणि एकदा उचललेला मध्येच खाली ठेवला की पुन्हा नीट उचलता येत नाही.

साल्साबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कोल्हापूरकर नेमके इथेच मार खातात. एका बाजूच्या टेबलावर किंवा काचेखाली साल्साची भांडी ओळीने ठेवलेली असतात, आपण छोट्या वाट्यांत हवे तेवढे घ्यायचे असते आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. सोबत मुळ्याच्या चकत्या, लिंबाच्या फोडी आणि मिरची घालून व्हिनेगरमध्ये मुरवलेली गाजरे असतात. हिरवा साल्सा बहुधा तोमातियो या आंबट फळाचा असतो; पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले हे फळ आपल्या बांधावरच्या चिरबोटीच्याच कुळातले आहे. लाल साल्सा वाळक्या मिरचीचा, आपल्याला परिचित वाटणारा. उरला तो नारिंगी. माझ्या पहिल्या भेटीत मी तो गाजराचा समजलो आणि मिसळीवर कट ओततात तसा दोन टाकोंवर ओतला. शेजारी जावई बसले होते आणि ‘आम्ही कोल्हापूरचे’ हे वाक्य मी नुकतेच उच्चारले होते. तो आबानेरो मिरचीचा साल्सा होता. हालापेन्यो मिरचीचा तिखटपणा स्कोव्हिल मापाने २,५०० ते ८,००० भरतो, आणि आबानेरोचा साधारण १ लाख ते ३.५ लाख. पुढची दहा मिनिटे मी काहीही बोललो नाही. मिरची ही मुळात त्याच लोकांची, पोर्तुगिजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली, हे त्या दहा मिनिटांत मला नव्याने उमगले.

म्हणून प्रत्येक साल्साचा एक थेंब आधी बोटावर घेऊन चाखावा आणि मगच वाटी भरावी. तोंड भाजलेच तर पाणी पिऊ नये, कारण तिखटपणा देणारे कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ‘क्रेमा’ नावाची पातळ आंबट साय मागून घ्यावी. मिसळीनंतरच्या दह्याचे काम ती करते.

बरिटोचे शास्त्र याहून सोपे आहे. उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो, त्यामुळे तिथली टॉर्टिया गव्हाची, मोठी आणि पातळ. तिच्यात शिजवलेले मांस आणि बीन्स गुंडाळले की झाला बरिटो. भात, चीज, साय असे सगळे कोंबून चकचकीत फॉइलमध्ये घट्ट बांधलेला हाताएवढा बरिटो ही सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात १९६० च्या दशकात रुळलेली पद्धत आहे. दोघांत एक पुरतो. तो उभा धरावा आणि फॉइल वरून जेवढे खायचे तेवढेच, गोल गोल फाडत खाली न्यावे. सगळे फॉइल एकदम उतरवणाऱ्याच्या मांडीवर भात सांडतो. साल्सा वरून ओतू नये; दर घासाला उघड्या तोंडावर चमचाभर घालावा.

शाकाहारी मंडळींना स्पष्टच सांगतो, की इथे नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. वाटून परतलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, आणि गव्हाच्या टॉर्टियातही चरबीचे मोहन असू शकते. ‘तिएने मांतेका?’ म्हणजे ‘यात चरबी आहे का?’ हा प्रश्न पाठ करावा. तव्यावर भाजलेली मक्याची टॉर्टिया आणि चीज यांची केसादिया, भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या म्हणजे ‘राहास’, किंवा ‘नोपालेस’ म्हणजे चक्क फड्या निवडुंगाची कोवळी पाने, यांतून निवड करता येते. निवडुंगाची भाजी गवारीसारखी लागते आणि भेंडीसारखी किंचित बुळबुळीत असते. तवा मात्र सगळ्यांचा एकच असतो. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी फळे आणि सरबत घ्यावे.

ज्यांच्या घरी रविवारी मटण शिजते त्यांनी मात्र रविवारी सकाळीच जावे, कारण ‘बिरिया’ म्हणजे मिरची-मसाल्यात शिजवलेले रश्श्याचे मांस अनेक ठिकाणी फक्त शनिवारी-रविवारी असते. हालिस्को प्रांताचा हा पदार्थ मुळात बकऱ्याचा, पण हल्ली पुष्कळ ठिकाणी गोमांसाचा करतात, म्हणून ‘चिवो?’ असे विचारावे. होकार आला तर बकरा. यातली वाळकी ग्वाहियो मिरची आपल्या ब्याडगीसारखी, तिखटापेक्षा रंगाला महत्त्व देणारी. मटणाच्या टाकोंसोबत वाटीभर ‘कोन्सोमे’ म्हणजे त्याच मांसाचा रस्सा मिळतो. त्यात कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालून वाटी तोंडाला लावावी. तांबड्या रश्श्याची सवय असलेल्याला पुढचे सांगावे लागत नाही. त्यात खोबरे नसते आणि लवंग-दालचिनी जरा पुढे येते, एवढाच फरक मला जाणवला.

पिण्यासाठी मोठ्या काचेच्या बरण्यांतली सरबते असतात. ‘तामारिंदो’ चिंचेचे, ‘हामायका’ लाल अंबाडीच्या बोंडांचे, आणि ‘ओर्चाता’ तांदूळ व दालचिनीचे, गोड. तिखटावर ओर्चाता उत्तम. निघताना आपली ताटली आपणच उचलून टाकायची असते आणि काउंटरवरच्या बरणीत एक-दोन डॉलर टाकायचे असतात. अर्धा बरिटो उरला तर तो त्याच फॉइलमध्ये गुंडाळून घरी न्यावा. मात्र मायक्रोवेव्हमध्ये घालण्याआधी फॉइल उतरवावे, आणि लेकीने तवा वापरू दिला तर मंद आचेवर तो चारी बाजूंनी खरपूस होईपर्यंत भाजावा.