ट्रॅक्टर धुताय ना? मग स्टेअरिंगचं ऑइल कुठून गळतंय तेही बघून घ्या

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुवून, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचा, हे आपल्याकडे ठरलेलं. बऱ्याच ट्रॅक्टरांचा पुढचा ॲक्सल वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी नीट स्वच्छ होतो. म्हणून हा सल्ला आत्ता देतोय. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतील, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतील, आणि रात्री कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावून उभं असताना स्टेअरिंगचं ऑइल गेलं तर तिथे काही करता येत नाही.

दहा-पंधरा वर्षं झालेल्या ट्रॅक्टरवर 'थोडं गळतंच, टाकतो आठवड्याला' असं म्हणायची सवय लागते. आधी हिशेब करून बघा. साधारण 20 थेंबांचं एक मिलिलिटर होतं. पाच सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला 720 थेंब, म्हणजे 36 मिलिलिटर. दहा तास ट्रॅक्टर चालला की 360, आणि तीन दिवसांत लिटरभर ऑइल रस्त्यावर. पॉवर स्टेअरिंगची टाकी मुळात लहान असते.

गळती शोधण्याआधी तुमचं स्टेअरिंग कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. डॅशबोर्डखाली वाकून पाहा. तिथे गिअर बॉक्स असेल आणि त्यातून निघालेला लांब रॉड पुढच्या ॲक्सलपर्यंत जात असेल, तर ऑइल संपलं तरी स्टेअरिंग जड होईल पण चाक वळेल. तिथून फक्त होज पाईप निघत असतील तर स्टेअरिंग आणि चाक यांच्यात लोखंडाची कसलीही जोडणी नाही, मधे आहे ते फक्त ऑइल. इंजिन बंद पडलं तरी पाईपांत ऑइल असेपर्यंत जोर लावून वळवता येतं. पाईप फुटून ऑइल गेलं, की स्टेअरिंग हातात नुसतं गरागरा फिरतं आणि चाकं होती तिकडेच राहतात. मागे भरलेला ऊस असताना हे किती महागात पडेल, ते सांगायला नको.

गळती शोधायची कशी

डिझेल आणि ब्रशने पंप, टाकी, होज, ॲक्सलवरचा चाकं वळवणारा सिलिंडर घासून घ्या, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या-मळक्या ट्रॅक्टरवर गळती शोधणं म्हणजे चिखलात सुई शोधणं. रात्री पुढच्या बाजूला खाली पुठ्ठा अंथरा आणि पुढची चाकं कुठे होती त्याची खूण करा. सकाळी डागाचा रंग बघा. लालसर असेल तर बहुधा स्टेअरिंगचंच, कारण बऱ्याच ट्रॅक्टरांत ते ऑइल लाल असतं. टाकीतल्या ऑइलचा एक थेंब शेजारी टाकून ताडून बघा. काळं असेल तर इंजिनचं. हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर रेडिएटरचं. डिझेल वासावरून कळतं.

डाग जिथे पडलाय तिथेच गळती असेल असं मात्र धरू नका. पंख्याची हवा मागे येते आणि ऑइलही मागे ढकलते. क्लचजवळ ओलं दिसतं आणि गळत असतो पुढचा बंजो बोल्ट, म्हणजे पाईप जोडणारा पोकळ बोल्ट. धुतल्यावर जोडांवर, बोल्टांवर साधी टाल्कम पावडर शिंपडा. इंजिन मंद चालू ठेवून घरातल्या कुणाला तरी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायला सांगा. टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, ऑइल तापतं. पावडर पहिल्यांदा जिथे भिजेल, तिथून वर शोधत जा. फिरत्या चाकाच्या, पंख्याच्या वाटेत उभं राहू नका.

एक गोष्ट जपूनच. बारीक फवारा दिसला तर हात फिरवून बघायचा नाही. पुढच्या टायरात 30 पीएसआयच्या आसपास हवा असते, तर या पाईपांत जोर आला की दाब 100 बारच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास 1,450 पीएसआय. सुईएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडी भेदून आत शिरतं, वर टाचणी टोचल्याएवढीच खूण राहते आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. असं झालं तर हळद लावून घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात जा आणि प्रेशरचं ऑइल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती बघायची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून.

कुठे काय निघतं

उसाच्या भागात सगळ्यात जास्त त्रास ॲक्सलवरच्या सिलिंडरचा आणि त्याच्या होजचा. खोडव्याचे बुडखे घासतात, पाचट गुंडाळलं जातं आणि त्याखाली रबर झिजतं ते दिसतच नाही. होज वाकवून बघा. रबराला भेगा असतील, किंवा टोकाला जिथे लोखंडी टोपण दाबलेलं असतं तिथे ओल असेल, तर तो होज बदलायचाच. सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि क्लिप लावून हंगाम काढणारे मी पाहिलेत, ती पट्टी टाकीकडे परतणाऱ्या कमी दाबाच्या पाईपवर एखादा दिवस चालेल, सिलिंडरच्या होजवर नाही.

सिलिंडरचा रॉड चार महिने पावसात उघडा राहतो. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि दर वळणाला ते सीलवर कानशीसारखे चालतात. रॉड पुसून त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर नुसतं सील किट टाकून उपयोग नाही, महिन्यात पुन्हा गळेल. रॉडसुद्धा बदलावा लागेल. मिस्त्री किटचेच पैसे सांगत असेल तर रॉड त्याच्यासमोर बोटाने तपासा.

चालकाच्या पायाजवळ, स्टेअरिंगच्या दांड्यावरून ऑइल ओघळत असेल तर त्या दांड्याला जोडलेल्या स्टेअरिंग युनिटचं सील गेलंय. जोडांवर ओल असेल तर बोल्ट आवळत बसण्याआधी तांब्याचं किंवा डौटी (आतून रबर असलेलं लोखंडी) वॉशर नवं टाका. जास्त आवळून बंजो तुटलेला बघायला लागतो.

आता सगळ्यात फसवा प्रकार. खाली एक थेंब नाही, पुठ्ठा कोरडा, तरी टाकी रिकामी होतेय. बऱ्याच ट्रॅक्टरांत पंप इंजिनच्या पुढच्या गिअर केसवर बसवलेला असतो. त्याच्या शाफ्टचं सील गेलं की ऑइल सरळ इंजिनात उतरतं. अशा वेळी इंजिन ऑइलची लेव्हल दाखवणारी काडी काढून बघा. न टाकता लेव्हल वाढलेली असेल तर तिकडेच संशय घ्या आणि तसाच ट्रॅक्टर चालवू नका. काडीला डिझेलचा वास येत असेल तर दुखणं वेगळं, ते डिझेल पंपाकडचं असू शकतं.

उलटा प्रकारही होतो. टाकीत फेस येतो, वळताना पंप कण्हतो, गळती मात्र दिसत नाही. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाईपमधून हवा ओढली जातेय. क्लिप बघा, पाईप कडक झालाय का बघा. आणि टाकी काठोकाठ भरलेली असेल तर गरम झाल्यावर झाकणातून उतू जाणारं ऑइल गळती समजून पंप खोलू नका. असं एकदा एकाने खोललाय, नंतर पंप खरंच गळायला लागला.

ऑइल आणि दुरुस्तीनंतर

पुस्तिकेत लिहिलंय तेच ऑइल टाका. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला मॉडेल आणि साल सांगून विचारा. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने रबरी सील फुगून निकामी होतात. लेव्हल बघताना ट्रॅक्टर सपाट जागी, चाकं सरळ.

दुरुस्तीनंतर पुढची चाकं जॅकवर घेऊन लाकडी ठोकळे लावा. मागच्या चाकांना उटी, म्हणजे अडवायला दगड किंवा ठोकळा द्या. टाकी भरून इंजिन मंद चालू ठेवा आणि स्टेअरिंग पाच-सहा वेळा पूर्ण दोन्हीकडे हळू फिरवा, मधे मधे लेव्हल बघत. फेस थांबला की हवा निघाली. मग रिकाम्या ट्रॉलीने गावाबाहेर एक फेरी मारा, परत पुठ्ठा टाका.

होज करून आणायला जाताना जुना होज दोन्ही टोकांसकट न्या, आटे आणि लांबी फोनवर सांगून जमत नाही. आणि काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, विहिरीच्या किंवा पाटाच्या कडेला ओतू नका.