एका रागाचा पंचनामा आणि तीन जबाब

मनाबद्दल वाचणारी माणसं फार लवकर एका वाक्यावर येऊन टेकतात: "शेवटी सगळे एकच सांगतात हो." स्विस मानसशास्त्रज्ञ युंग घ्या, बुद्ध घ्या, मेंदूवाले घ्या, सगळे एकच. माझी नोकरी महसूल खात्यात गेली, मंडल अधिकारी, म्हणजे लोकांचा सर्कलसाहेब, म्हणून निवृत्त झालो. तीन साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की आम्ही ओळखायचो, मंडळी आधी टपरीवर भेटून आलेली आहेत. म्हणून आमच्या रविवारच्या वाचनगटात मी एक पद्धत लावून दिली. युंग, बुद्ध आणि मेंदूवाला या तिघा साक्षीदारांना वेगवेगळं बसवायचं आणि एकाच घटनेवर जबाब घ्यायचे. घटना मात्र आपली स्वतःची हवी. वही, पेन, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि आठवडाभर सवड एवढ्यावर काम होतं.

घटना निवडताना छोटी, ताजी आणि अंगात जाणवलेली निवडा. राग सगळ्यात सोयीचा, कारण तो पुरावे मागे ठेवून जातो. भावाशी वर्षानुवर्षांचा अबोला, घटस्फोट, घरातला मृत्यू असले विषय या वहीत आणू नका. त्यासाठी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेत, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. वहीला ते ओझं पेलत नाही.

आधी पंचनामा. त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी. माझा असा होता:

"सकाळी ११.४०. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत. रांगेत तिसरा. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, 'काका, जरा बाजूला बसा, सर्व्हर डाउन आहे.' आधी कान गरम झाले. मग जबडा आवळला. हातातली फाइल दाबली गेली. मनात वाक्य आलं, 'आयुष्यभर लोक माझ्यासमोर उभे राहिले.' मोठ्याने म्हणालो, 'सर्व्हर काय माझ्यामुळे डाउन झालाय?' खुर्चीत बसलो नाही."

यात "उद्धट" नाही, "अपमान" नाही. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात "शेतकऱ्याचं वाटोळं झालं" असं लिहून भागत नाही. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र लिहावं लागतं, तसंच हे. कानाने ऐकलं ते, अंगात झालं ते, आणि ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने. "कारण" हा शब्द आला की खोडा.

या खोडण्यामागे पुरावा आहे. निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग मांडला. दुकानात पायमोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले आणि सगळ्यात चांगला कोणता ते गिऱ्हाइकांना विचारलं. लोकांचा कल ठळकपणे उजव्या टोकाच्या जोडाकडे गेला. का, तर म्हणे वीण चांगली, पोत चांगला. चारही जोड एकसारखे होते. जागेमुळे निवड झाली असेल का, असं विचारल्यावर लोकांनी ते साफ नाकारलं. आपण आपल्या वागण्याची कारणं सांगतो तेव्हा बऱ्याचदा ती जागच्या जागी तयार करतो. एकदा का ती पंचनाम्यात घुसली, की पुढचे तिन्ही जबाब नासतात.

पहिला जबाब युंगचा. झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने शब्दसाहचर्याच्या चाचण्या घेतल्या. शंभर शब्दांची यादी आणि हातात स्टॉपवॉच. एकेक शब्द ऐकवायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, लागलेला वेळ टिपायचा. जिथे माणूस अडखळतो तिथे खाली काहीतरी गाडलेलं आहे, असा त्याचा अंदाज. भावनेने भारलेल्या त्या गाठोड्याला आपण मराठीत गंड म्हणतो.

घरच्यासाठी वीस शब्द पुरेत. पंधरा साधे घ्या: पाऊस, चमचा, हिरवा, रस्ता असले. पाच पंचनाम्यातून उचला आणि मध्येमध्ये पेरा. माझे होते काका, खुर्ची, बाजूला, फाइल, रांग. घरातल्या कुणाला तरी वाचायला बसवा. उत्तराला उशीर, ऐकलेलाच शब्द परत बोलणं, उगाच हसू, "काय म्हणालीस?" असं विचारणं, या सगळ्यांवर खूण करायची. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून वाचायची आणि तीच उत्तरं मागायची. जे उत्तर आठवत नाही त्यावर दुसरी खूण. ही दुसरी फेरी युंगचीच. लोक कंटाळून ती गाळतात आणि नेमकं तिथलंच हातचं जातं.

मला खात्री होती, मी "काका"वर अडणार. तिथे फट्‌दिशी "मामा" म्हणून मोकळा झालो. अडलो "खुर्ची"वर. बराच वेळ काही सुचेना, मग "उभा" म्हणालो, आणि दुसऱ्या फेरीत तेही आठवेना. बायको स्टॉपवॉच धरून गालात हसत होती. तिला माझ्याआधी कळलं असावं.

दोन खुणा पडलेला शब्द घ्या आणि त्याच्याभोवती जे येईल ते अर्धं पान लिहा. माझ्या पानावर मामलेदार कचेरी आली. वडील तगाईचा, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचा, अर्ज घेऊन उभे, टोपी हातात. कारकून म्हणतो, "पोराला बसव बाकावर." मी बसलेला, बाप उभा. युंगचं म्हणणं असं की आपल्याला गंड असतात हे हल्ली सगळ्यांना माहीत असतं. आपण गंडांच्या ताब्यात असतो, हे मात्र माहीत नसतं. पानाखाली "धागा" असं लिहा. "पुरावा" लिहू नका.

दुसरा जबाब बुद्धाचा. तो दुसऱ्या दिवशी, आणि पहिल्याचं पान मिटून. सकाळी वीसेक मिनिटं स्वस्थ बसा, पंचनाम्यातलं कानाने ऐकलेलं ते वाक्य आठवा आणि अंगात काय होतं ते बघा. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजग राहण्यावरच्या बुद्धाच्या प्रवचनात, मनाकडे बघायची रीत दोन ओळींत दिलेली आहे: "सदोसं वा चित्तं सदोसं चित्तन्ति पजानाति." मन द्वेषाने भरलेलं असेल तर हे द्वेषाने भरलेलं मन आहे, असं जाणायचं. बस्स. का भरलं, कुणी भरलं, यांतलं काही विचारलेलं नाही.

मग वहीत पंचनाम्याची ओळ न्‌ ओळ प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरं कसं उपजतं या बौद्ध साखळीच्या, कड्यांना लावा. आवाज कानावर पडला तो स्पर्श. गरम झालेल्या कानातला नकोसेपणा ती वेदना. इथे वेदना म्हणजे राग नव्हे, फक्त सुखद, दुःखद किंवा दोन्ही नाही एवढंच. "असं व्हायला नको होतं" ही तृष्णा. आणि "आयुष्यभर लोक माझ्यासमोर उभे राहिले" हे उपादान, सर्कलसाहेबाला घट्ट धरून बसणं. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये फट दिसते का, एवढंच या जबाबात शोधायचं असतं. वडिलांची टोपी आठवली तर "आठवण" अशी मनातल्या मनात नोंद करून जबड्याकडे परत या. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायला लावतात आणि चौथ्या दिवशी विपश्यना देतात. तिथे तुमचं बालपण कुणी विचारत नाही. युंग वाचून गेलेल्यांना हे फार जड जातं.

तिसरा जबाब बोधविज्ञानाचा, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचा. हा साक्षीदार रुक्ष आहे, पण त्याला टाळू नका. तो विचारतो: झोप किती झाली होती? पोटात काय होतं? पंखा चालू होता का? आणि तिथे काय घडेल अशी तुमची अपेक्षा होती? या क्षेत्रातला आजचा एक प्रमुख विचार असा, की मेंदू सतत पुढचं भाकीत करत असतो आणि शरीरातल्या खाणाखुणांना त्या भाकिताप्रमाणे भावनेचं नाव देतो. मी त्या दिवशी फास्टिंग शुगरसाठी रक्त देऊन उपाशीपोटीच बँकेत गेलो होतो. हे पंचनाम्यात आलंच नव्हतं. कचेरी नाही, तृष्णा नाही, पोटात अन्न नाही, असा हा जबाब.

याच्याकडून एक पैज लिहून घ्या, कारण हरता येईल अशी पैज हाच लावतो. "पुढच्या वेळी जेवून गेलो तर कान गरम होणार नाहीत." तारीख टाका. एका खेपेने काही सिद्ध होत नाही हे खरं, पण खेप घातल्याशिवाय तर काहीच नाही.

आता उलटतपासणी, आणि हा सगळ्यात मजेचा भाग. नवीन पानावर एकाचा जबाब दुसऱ्याला वाचून दाखवा.

मेंदूवाला युंगला म्हणेल, तुमची ती कचेरी म्हणजे पायमोज्यांचा पोत. विचारलं म्हणून तयार झालेली. हा घाव खरा आहे. पण त्याला उत्तरही आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली लोकांना दोन फोटोंतला एक चेहरा निवडायला लावला आणि हातचलाखीने न निवडलेला फोटो त्यांच्या हातात दिला. बहुतेकांना बदल कळला नाही, वर त्यांनी त्या निवडीची कारणंही सांगितली. २०१३ मध्ये क्लेअर पेतितमँजाँ आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला, फक्त निवडीच्या क्षणी नेमकं काय काय झालं हे आधी धीराने, बारकाईने विचारलं. ८० टक्के वेळा फसवणूक पकडली गेली. म्हणजे आत बघणं मुळातच फोल नाही. ते कसं विचारलं जातं यावर बरंच अवलंबून आहे. आपला "का"विरहित पंचनामा इथे उपयोगी पडतो.

बुद्धाच्या बाजूने युंगला एक प्रश्न प्रत्यक्षातच विचारला गेलेला आहे. १९५८ च्या मे महिन्यात झेन तत्त्वज्ञ शिनइची हिसामात्सु युंगच्या क्युस्नाख्तच्या घरी गेले आणि त्यांनी विचारलं, माणूस सामूहिक नेणिवेतून (युंगच्या मते सगळ्या माणसांत सामाईक असलेल्या अजाण मनातून) पूर्ण मुक्त होऊ शकतो का? युंग हो म्हणाला. नेणीव जाणिवेत सामावून घेणं हा ज्याचा सगळा उद्योग, त्याने "हो" म्हणावं याचं आमच्या गटाला अजून कोडं आहे. आमच्यातल्या विपश्यनेच्या साधकबाई म्हणतात, तो खरं बोलून गेला. मला वाटतं, पाहुण्याचा मान राखला. वहीत हाच प्रश्न स्वतःच्या घटनेला लावा: मला कचेरीतला तो मुलगा ओळखीचा करून घ्यायचा आहे, की तो येतो-जातो हे नुसतं बघायचं आहे? दोन्ही एकाच बैठकीत जमत नाही.

मेंदूवाल्याला विचारायचं ते असं: जबडा आवळलाय हे मोजणारं यंत्र तुझ्याकडे आहे, पण तो आवळल्यासारखा वाटतो तो कुणाला? फ्रान्सिस्को वरेला हा जीवशास्त्रज्ञ याच प्रश्नापायी १९८७ साली धरमशालेत दलाई लामांसोबतच्या पहिल्या माइंड अँड लाइफ या विज्ञान आणि बौद्ध विचार यांच्यातल्या संवादाला बसला होता. अनुभवाचं बारीक वर्णन आणि यंत्रावरचं मोजमाप एकमेकांना तपासत पुढे न्यावं, असं त्याचं म्हणणं. या सगळ्यांत मला हाच माणूस कामाचा वाटतो, कारण तो मांडवली करत नाही.

विसंगती सापडली की समासात लाल पेनाने फुली मारा आणि तशीच राहू द्या. "निष्कर्ष" असा रकाना आखू नका. पंचनामा करणाऱ्याला निकाल देण्याचे अधिकार नसतात. महिन्याभराने तेच पान काढून वेगळ्या शाईने भर घाला, खाली त्या दिवसाची तारीख टाका. आणि गटात वाचायचं असेल तर घरच्यांची नावं आधी झाका. आमच्याकडे एकदा जावयाचा राग सासऱ्यासमोरच वाचला गेला आणि त्याचा पंचनामा करायला कुणी उरलं नाही.