बारावीचा निरोप, गुणगौरव आणि दाखले : सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर करावयाची तयारी

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. ज्ञातिसंस्था, पतसंस्था, कर्मचारी संघटना, गणेशोत्सव मंडळे आणि माजी विद्यार्थी संघ जून-जुलैतील जवळजवळ प्रत्येक रविवारी कुठले ना कुठले सभागृह घेऊन गुणवंतांचा गौरव करतात. कनिष्ठ महाविद्यालयात वर्गशिक्षक म्हणून काम करताना मी असे सोहळे बरेच पाहिले, काहींची यादी स्वतः तयार केली, आणि त्या यादीतून केवळ एखादा कागद वेळेत न आल्यामुळे नाव वगळावे लागलेली मुलेही पाहिली. व्यासपीठावरील सत्कार दोन मिनिटांत आटोपतो. त्यामागील कागद मात्र वर्षभर जमवावे लागतात, आणि ते काम अकरावीची सुट्टी संपताच हाती घेतलेले बरे.

एक खुलासा आधी केला पाहिजे. अलीकडे पालक बारावीच्या समारोपाला ‘ग्रॅज्युएशन’ म्हणू लागले आहेत आणि काही शाळांत तर बालवाडीच्या मुलांनाही काळा झगा व टोपी घालून छायाचित्रे काढली जातात. झग्याला माझी हरकत नाही. परंतु आपल्याकडे पदवी ही विद्यापीठ देते, आणि बारावीअखेर विद्यार्थ्याच्या हाती पडतात ती राज्य मंडळाची गुणपत्रिका व प्रमाणपत्र आणि महाविद्यालयाचा शाळा सोडल्याचा दाखला. पुढील प्रवेशासाठी हे तीन कागद लागतात, म्हणून तयारीचा आरंभही त्यांच्यापासूनच करावा.

सर्वांत आधी नाव तपासावे. सोलापूर जिल्हा राज्य मंडळाच्या पुणे विभागात येतो, आणि बारावीची आवेदनपत्रे महाविद्यालयामार्फत ऑनलाइन भरली जातात. त्यानंतर महाविद्यालयाकडे प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासण्यासाठीची यादी, येते आणि तीवर विद्यार्थ्याची सही घेतली जाते. ही सही घाईत करू नये. आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, विषयांचे सांकेतिक क्रमांक आणि माध्यम या सर्व बाबी दहावीच्या गुणपत्रिकेशी व आधार कार्डाशी ताडून पाहाव्यात. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे मोठ्या संख्येने असल्यामुळे एकाच घरातील दोन भावंडांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे असणे ही नित्याची गोष्ट आहे. एका जागी दुहेरी अक्षर, दुसऱ्या जागी एकेरी. एका विद्यार्थिनीच्या आईच्या नावातील एक अक्षर चुकले होते, तिने ‘एवढ्याने काय होते’ म्हणून सही केली, आणि पुढे प्रवेशाच्या ऐन गर्दीत तिच्या वडिलांना दुरुस्तीसाठी कामाचे चार खाडे करावे लागले. प्री-लिस्टवर लाल शाईने केलेली दुरुस्ती फुकट आणि एका मिनिटाची असते, छापील गुणपत्रिकेवरील दुरुस्ती मात्र अर्ज, पुरावे आणि हेलपाटे मागते.

याच काळात, म्हणजे दिवाळीपूर्वी, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांची स्थिती पाहून घ्यावी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा असल्यास जात वैधता प्रमाणपत्रही लागते आणि त्याचा प्रस्ताव बारावीत शिकत असतानाच महाविद्यालयाच्या पत्रासह जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यावयाचा असतो. निकालानंतर हा अर्ज करणाऱ्यांची जी धावपळ होते ती मे महिन्यातील सोलापूरच्या उन्हात कोणाच्याही वाट्याला येऊ नये. उत्पन्नाचा दाखला मात्र फार आधी काढून ठेवू नये, कारण तो आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो. एप्रिलनंतर नवा काढावा.

आता गौरवाकडे येऊ. राज्य मंडळ आता गुणवत्ता यादी जाहीर करीत नाही. गुणपत्रिकेवर पंचाहत्तर टक्के व त्याहून अधिक गुणांना प्रावीण्य आणि साठ टक्क्यांपासून प्रथम श्रेणी दिसते, पण ‘बोर्डात पहिला’ असा किताब राहिलेला नाही. त्यामुळे खरा मान महाविद्यालयाच्या पातळीवर ठरतो, आणि तो केवळ एकूण टक्केवारीवर ठरत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. जुन्या महाविद्यालयांत देणगीदारांनी आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ ठेवी ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या व्याजातून पारितोषिके दिली जातात. मराठीत सर्वाधिक गुण, गणितात सर्वाधिक गुण, कला शाखेतील पहिली विद्यार्थिनी, वसतिगृहात राहून शिकलेला विद्यार्थी, अशा त्यांच्या अटी असतात. ही यादी कार्यालयात किंवा वार्षिक नियतकालिकाच्या अंकात सापडते. ती जुलैमध्येच वाचावी. माझ्या वर्गातील एक मुलगा एकूण गुणांत बाराव्या क्रमांकावर होता, परंतु पुस्तपालन व लेखाकर्मातील गुणांवर त्याला दोन पारितोषिके मिळाली, कारण त्याने अटी वाचून त्या विषयाकडे जास्त लक्ष दिले होते.

खेळाडूंनी अधिक सावध राहावे. शासनमान्य स्पर्धांतील कामगिरीसाठी परीक्षेत सवलतीचे गुण मिळू शकतात, मात्र त्यासाठी स्पर्धेच्या मूळ प्रमाणपत्रासह प्रस्ताव महाविद्यालयामार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे आणि तेथून मंडळाकडे जावा लागतो, तोही मुदतीत. मैदानावर मिळविलेले गुण टेबलावर गमावू नयेत, म्हणून क्रीडाशिक्षकांकडे प्रस्तावाची चौकशी हिवाळ्यातच करावी. राष्ट्रीय छात्रसेना व स्काऊट-गाईडच्या विद्यार्थ्यांनीही आपापल्या शिक्षकांना हेच विचारावे. ‘आदर्श विद्यार्थी’ या सन्मानासाठी शिक्षकांची समिती निवड करते तेव्हा वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, श्रमदान, रक्तदान शिबिरातील साहाय्य या साऱ्यांची नोंद लागते. प्रत्येक प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि मागे पेन्सिलीने तारीख, एवढे केले तरी पुरते.

जानेवारी हा सोलापूरच्या बारावीचा सर्वांत अवघड महिना असतो. १२ जानेवारीला हुतात्मा दिन. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. पाठोपाठ संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्डा यात्रा. शहरातील रस्ते, पाहुण्यांनी भरलेली घरे आणि मुलांचे चित्त यांपैकी काहीच या आठवड्यात जागेवर नसते, आणि नेमक्या याच काळात पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका हाती येतात व प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. गड्ड्याला जाऊ नये असे मी कधीही सांगितले नाही, कारण सोलापूरच्या मुलाने ते ऐकले नसते. तथापि विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकाला शंभरपैकी तीस गुण असतात, आणि जर्नल प्रमाणित झाल्याखेरीज प्रात्यक्षिकाला बसणे अडचणीचे होते. तेव्हा सर्व प्रयोगांवर सह्या घेणे संक्रांतीच्या अगोदर संपवावे आणि मग गड्ड्यातल्या पाळण्यात खुशाल बसावे.

निरोप समारंभाचा दिवस म्हणूनच यात्रा ओसरल्यानंतर आणि प्रात्यक्षिके सुरू होण्यापूर्वी ठेवावा. समारंभ परंपरेने अकरावीचे विद्यार्थी देतात, परंतु मनोगते, स्मृतिभेट आणि छायाचित्र ही बारावीची जबाबदारी असते. वर्गणी ठरविताना वर्गातील सर्वांत कमी ऐपतीच्या घराचा विचार करून आकडा ठरवावा. यंत्रमागावर किंवा विडीच्या धंद्यात राबणाऱ्या घरातील मुलगी ‘मला बरे वाटत नव्हते’ असे सांगून निरोप समारंभाला गैरहजर राहते, तेव्हा तिचा आजार बहुधा वर्गणीचा असतो. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांच्याकडे हिशेब सोपवावा आणि तो समारंभानंतर वर्गाच्या फलकावर लावावा. सभागृह बाहेर घेण्याचा हट्ट धरू नये. महाविद्यालयाचे प्रांगण पुरते, आणि हुतात्मा स्मृती मंदिरासारखी जागा वार्षिक स्नेहसंमेलनाला शोभते.

पोशाखाबाबत मुलींची साडी घरातील असावी. मुलांना नवा ब्लेझर घ्यावासा वाटतो, आणि आपले गाव गणवेश व तयार कपड्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असल्यामुळे तो वाजवी दरातही मिळतो, पण दुपारच्या उन्हात तो अंगावर अर्धा तास टिकत नाही. शिक्षकांना भेट म्हणून फायबरची चकचकीत ढाल देऊ नये. माझ्या घरी अशा नऊ आहेत. त्याऐवजी सोलापुरी चादर किंवा टॉवेल द्यावा. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ती वापरात राहते आणि दर हिवाळ्यात त्या वर्गाची आठवण करून देते. जेवणात शेंगापोळी ठेवली तर बिघडण्याची भीती नसते आणि वाढण्याचाही खोळंबा होत नाही.

मनोगत हा समारंभाचा गाभा असतो आणि बहुतेक वेळा तोच फसतो. विद्यार्थ्याने तीन मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये. ‘आज माझ्या भावना शब्दांत मांडता येत नाहीत’ या वाक्याने सुरुवात केली की पुढील दहा मिनिटे त्याच भावना शब्दांत मांडल्या जातात, असा माझा अनुभव आहे. एक प्रसंग निवडावा, तो नेमका सांगावा, आणि ग्रंथालयातील मदतनीस, प्रयोगशाळा परिचर, शिपाई यांपैकी निदान एकाचे नाव आदराने घ्यावे. ज्याची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे त्याने एखादे वाक्य त्या भाषेत बोलावे. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या त्याच्या आजीला बाकीचे भाषण नाही कळले तरी चालते.

परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंतचा काळ प्रवेश परीक्षांत जातो, त्याविषयी येथे विस्तार करीत नाही. निकालाच्या दिवशी ऑनलाइन गुण दिसतात, डिजिलॉकरवर गुणपत्रिका मिळते, मूळ गुणपत्रिका त्यानंतर महाविद्यालयातून घ्यावी लागते. गुण अपेक्षेपेक्षा कमी वाटल्यास रडण्यात आठवडा घालवू नये, कारण गुणपडताळणी व छायाप्रतीच्या अर्जाची मुदत साधारण पंधरवड्याची असते. २०२५ मध्ये निकाल ५ मे रोजी लागला आणि ही मुदत २० मेपर्यंत होती. पुनर्मूल्यांकनासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेणे आवश्यक असते, ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि ती छायाप्रत त्या विषयाच्या शिक्षकांना दाखविल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सत्कारासाठी नावे पाठविण्याची आवाहने याच सुमारास वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर आणि संस्थांच्या फलकांवर येतात. बहुतेकांना गुणपत्रिकेची झेरॉक्स, एक छायाचित्र, पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक आणि सभासदत्वाचा पुरावा एवढेच हवे असते. अशा कागदांचे दहा संच एकदाच करून ठेवावेत. आई-वडील ज्या पतसंस्थेचे किंवा कर्मचारी सोसायटीचे सभासद असतील तेथे स्वतः जाऊन चौकशी करावी, कारण अशा संस्था आपणहून घरी येत नाहीत. सत्काराला बोलाविल्यावर वेळेवर जावे, आणि अन्य कोणी स्मृतिचिन्ह घेत असताना टाळी वाजवावी. आपला नंबर झाला की उठून जाणाऱ्या घरांकडे संयोजकांचे लक्ष असते.

शाल-श्रीफळाहून मोठा सन्मान शिष्यवृत्तीचा असतो, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. मंडळाच्या परीक्षेत आपल्या शाखेत ऐंशीव्या शतमकाच्या (पर्सेंटाइलच्या) वर असणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याला केंद्र शासनाच्या योजनेतून पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळू शकतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो. मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर’ योजनेची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, आणि अभियांत्रिकीच्या गर्दीत तिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना राज्यात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. मुलीला दूर कशाला पाठवायचे असे म्हणणाऱ्या घरात ही माहिती शिक्षकांनी स्वतः जाऊन सांगावी.

शेवटचा कागद शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. तो काढण्यापूर्वी ग्रंथालयाची पुस्तके परत करून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे आणि त्याच खेपेत अकरावीत भरलेली अनामत रक्कम मागावी. ती विसरून जाणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. दाखला मूळ स्वरूपात एकदाच मिळतो, हरविल्यास ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का असलेला दाखला घ्यावा लागतो, म्हणून हाती पडताच कार्यालयाबाहेर न जाता त्यावरील नाव, जन्मतारीख आणि वर्तनाचा शेरा वाचावा. पुढे पुण्याला प्रवेशासाठी हुतात्मा एक्स्प्रेसने निघताना मूळ कागदांची फाइल डोक्यावरच्या फळीवर ठेवू नये. पहाटेच्या गाडीत झोप लागते, आणि फाइल मांडीवरच असलेली बरी.