माणूस भैताडासारखा का वागतो यावर पुस्तक लिहिलं, पण नाव सुचून नाही राहिलं? मग हे वाचा

पुस्तक लिहून होते, प्रूफही वाचून होते, मुखपृष्ठवाला फोनवर फोन करून राहिला असतो आणि नावाचा पत्ता नाही, अशी माणसं आपल्या नागपुरात कमी नाहीत. त्यातही विषय "चांगला शिकलेला माणूस असा उलटा का वागतो" हा असला की जास्तच पंचाईत, कारण नाव गंभीर ठेवलं तर थिसिस वाटते आणि गमतीचं ठेवलं तर लोकांना वाटते चुटक्यांचं पुस्तक आहे.

तर पहिले नाव शोधणं बंद करा. आधी हे पक्कं करा की तुमच्या पुस्तकात नेमका कोणता भैताडपणा आहे, कारण तो एकच नसतो. एक प्रकार म्हणजे माणसाला सगळं माहीत असते तरी करत नाही. हेल्मेट बघा ना, घरून निघताना सोबत घेतो, कोपरात अडकवतो, आणि व्हेरायटी चौक जवळ आला, पोलिस दिसला की डोक्यावर, चौक गेला की परत कोपरात. याला काय हेल्मेटचा उपयोग माहीत नाही? माहीत आहे. दुसरा प्रकार म्हणजे माणसाला पत्ताच नसतो की आपण फसून राहिलो. १९७४ मध्ये ट्वर्स्की आणि कानेमान या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला होता, लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं, आणि मग विचारलं की युनोत आफ्रिकेतल्या देशांचं प्रमाण किती टक्के. ज्यांना १० दिसलं त्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध, बोला! बर्डीच्या बाजारात दोन हजाराच्या लेबलवर काट मारून नऊशे नव्याण्णव लिहिलेलं बघून आपण खूश होतो ते हेच. आणि तिसरा प्रकार गर्दीचा, एकटा माणूस करणार नाही पण सगळे करून राहिले म्हणून करतो, सप्टेंबर १९९५ मध्ये गणपतीला दूध पाजायला देशभर रांगा लागल्या होत्या ते आठवा.

आता तुमचं पुस्तक या तिघांतलं कोणतं? हे न ठरवता नाव ठेवलं की गडबड होते. "कळतं पण वळत नाही" हे नाव या विषयावर सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांत सुचते, आणि खरंच मस्त आहे, पण ते फक्त पहिल्या प्रकाराला लागू होते. तुमचं अर्धं पुस्तक त्या चक्रावाल्या चुकांवर असेल तर तिथे मुळात कळतच नाही ही अडचण आहे, वळायचं तर दूरच. वाचक नाव बघून सिगारेट सोडण्याचे, सकाळी उठण्याचे उपाय शोधत येईल आणि त्याला भेटतील आकडे. मग तो शिव्या देणार नाही तर काय.

नंतर काही शब्द बाजूला काढून ठेवा. अविवेकी, अतार्किक, वर्तन, विश्लेषण, मीमांसा, हे सगळे शब्द आतल्या पानांत राहू द्या, कव्हरवर नको. धंतोलीतले आमचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले, लोक पैशाच्या बाबतीत कसे चुकतात यावर लिहून राहिले आहेत, फार सुंदर लिहितात, आणि पुस्तकाचं नाव काय ठेवलं होतं तर "मानवी आर्थिक वर्तनातील विसंगतींचे विवेचन". मी म्हटलं काका, हे नाव वाचून तर बँकेतलेही पुस्तक उघडणार नाहीत.

"विवेक" या शब्दाची मात्र वेगळी भानगड आहे, शब्द चांगला आहे पण आपल्या महाराष्ट्रात तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीशी इतका जोडला गेला आहे की दुकानदार पुस्तक सरळ बुवाबाजीच्या रॅकमध्ये लावतो. पुस्तक त्याच विषयाचं असेल तर उत्तम, खुशाल ठेवा. पण काकांसारखं एफडी आणि शेअरवर असेल तर ते चुकीच्या रॅकवर धूळ खात पडेल. "मन" टाकलं की प्रेरणादायी पुस्तकांत जाते, "मेंदू" टाकलं की डॉक्टरी पुस्तकांत. बहिणाबाईंची मनावरची ओळ तुम्हाला सुचली असेलच, ती सगळ्यांनाच सुचते, म्हणूनच नको.

"वेडे" आणि "मूर्ख" पण नको, आणि याला दोन कारणं आहेत. कोराडी रोडच्या मनोरुग्णालयावरून जोक मारत आपण सगळे मोठे झालो, पण आजार ही वेगळी गोष्ट आहे आणि चांगल्या माणसाची रोजची चूक वेगळी, कव्हरवर दोन्ही एक केलं तर आजारी माणसावर अन्याय होते आणि तुमचा मुद्दाही बिघडते, कारण तुमचा मुद्दाच हा आहे ना की हे बिलकुल नॉर्मल माणसं करतात. दुसरं कारण धंद्याचं. स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायला कोण तीनशे रुपये देईल? एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की लोकांना अशा चुका दुसऱ्यात चटकन दिसतात, स्वतःत मात्र दिसत नाहीत. तर नावाने या सवयीचा फायदा घ्यावा. नाव असं पाहिजे की वाचणाऱ्याला पहिले आपला साळा आठवला पाहिजे, शेजारचे देशपांडे आठवले पाहिजेत, तो हसत हसत पुस्तक उचलेल, आणि स्वतः कुठे सापडतो ते मग चाळीसाव्या पानावर समजेल त्याला. म्हणून "तुम्ही का चुकता" असं बोट दाखवणारं नाव घेऊ नका, "आपण" चालते, "लोक" त्याहून जास्त चालते.

आता नाव काढायचं कुठून? तुमच्याच हस्तलिखितातून. पेन घेऊन बसा आणि ज्या ज्या वस्तूचं चित्र काढता येईल अशा प्रत्येक वस्तूच्या नावाभोवती गोल काढा, विचार नाही, सिद्धांत नाही, फक्त वस्तू आणि प्रसंग. काकांच्या पुस्तकात कूलर निघाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाते हे काय कोणाला माहीत नाही का बाप्पा, तरी फेब्रुवारीत कोणी कूलरच्या गवताच्या ताट्या बदलत नाही, पंपाला हात लावत नाही, आणि एप्रिल संपता संपता अख्खं नागपूर एकाच आठवड्यात कूलरच्या दुकानात, मग जो भाव सांगेल तो द्यायचा. "मे महिन्यातला कूलर", हे नाव मला अजूनही आवडते. चित्र आहे, गंमत आहे, चूक कोणती ते न सांगता समजते. पण कोल्हापूरच्या वाचकाला त्यात काय चुकलं ते समजणार नाही, त्याला वाटेल मे महिन्यातच तर कूलर लागते, बरोबरच केलं. हीच अडचण मारबतीची. "घेऊन जा गे मारबत" असं नाव इथल्या माणसाने वाचलं तर अंगावर काटा येईल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची ती मिरवणूक, तो ओरडा सगळं डोळ्यांसमोर येते, पण नाशिकला तळटीप द्यावी लागेल, आणि नावाला तळटीप लागली म्हणजे नाव गेलं. पुस्तक विदर्भापुरतंच विकायचं असेल तर मात्र बिनधास्त ठेवा, मी तर म्हणतो ठेवाच.

हेल्मेट सगळीकडे चालते. पुण्यात तर विचारूच नका.

परदेशात हे लोक कसं करतात तेही बघण्यासारखं आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि कायद्याचे प्राध्यापक कॅस सनस्टीन यांनी २००३ मध्ये एक पेपर लिहिला, नाव "लिबर्टेरियन पॅटर्नॅलिझम इज नॉट अ‍ॅन ऑक्सिमोरॉन", वाचतानाच दम लागतो. विचार साधा, माणसाची निवडीची मोकळीक ठेवूनही त्याला चांगल्या पर्यायाकडे वळवता येते. त्याच विचारावर २००८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं ते "नज", एका शब्दाचं, म्हणजे कोपराने हळूच ढोसणं. आणि मजा अशी की हा शब्द सुचवला होता एका अशा प्रकाशकाने ज्याने पुस्तक छापायला नकार दिला होता! म्हणून नकार देणाऱ्या माणसाचं पण नीट ऐकून घ्या. कानेमानने तर सांगून ठेवलं आहे की जोखीम असली की माणूस निवड कशी करतो, या १९७९ च्या त्यांच्या सिद्धांताला "प्रॉस्पेक्ट थिअरी" हे नाव त्यांनी मुद्दामच काही अर्थ नसलेलं ठेवलं, उद्या तो गाजलाच तर नाव वेगळं उठून दिसलं पाहिजे म्हणून. पण हे त्यांना परवडलं, पहिलं पुस्तक काढणाऱ्याने असं करू नये. तुम्ही नाव गमतीचं ठेवा आणि खाली उपशीर्षकात साध्या भाषेत सांगून टाका की आत काय आहे, "हातातलं हेल्मेट: शहाणी माणसं पैशाच्या बाबतीत का चुकतात" असं. वर चित्र, खाली विषय. दोन्ही ठिकाणी गंमत केली की काहीच समजत नाही.

मग टेस्ट करायची. इथेच बहुतेक लोक माती खातात, कारण ज्या चुकांवर पुस्तक लिहिलं त्याच चुका नाव ठरवताना करतात. सहा महिने जे नाव फाइलवर बघून राहिले ते तुम्हाला चांगलं वाटणारच, रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्येच दाखवलं होतं की नुसतं वारंवार दिसलेलं पण माणसाला आवडायला लागते, मग तो अर्थ नसलेला शब्द का असेना. त्यात नाव स्वतःचं, म्हणजे त्याची किंमत आपण आणखीच वाढवून धरतो. म्हणून जुनं नाव आणि नवी नावं सगळी एकाच फॉन्टमध्ये एका कागदावर लिहा, क्रम बदलून दोन-तीन कागद करा, आणि ज्यांना पुस्तकाबद्दल काहीच माहीत नाही त्यांना एकेकट्याला दाखवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकू नका, अजिबात नाही! पहिल्या काकूने अंगठा दाखवला की मागचे सगळे तिथेच अंगठा दाखवणार. सॉलोमन अ‍ॅशच्या १९५१ च्या प्रयोगात तर समोर काढलेल्या रेषांची लांबी सांगायची होती, डोळ्यांना सरळ दिसणारी गोष्ट, तरी बाकीचे चूक बोलले की साधारण एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्याच सोबत चूक बोलला. तुमच्या नावाचं काय घेऊन बसला.

आणि "आवडलं का" असं विचारायचंच नाही. आवडलंच म्हणतात, तोंडावर कोण नाही म्हणेल. विचारायचं, "या पुस्तकात काय असेल सांगा बरं?" उत्तर विषयाच्या आसपास आलं तर पास. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला फोन करून विचारा, काल कोणती नावं दाखवली होती, न बघता सांगा. जे नाव त्याला आठवेल त्याला एक मार्क जास्त द्या, मग ते तुमचं लाडकं नसलं तरी.

फोनवरची टेस्ट वेगळी आणि ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण मराठी पुस्तक अजूनही अर्धं तोंडी विकलं जाते, कोणी कोणाला सांगते, तो दुकानात जाऊन मागते. रस्त्यावर उभं राहून, गाड्यांच्या आवाजात, मित्राला फोन लावा आणि नाव एकदाच सांगा. काकांसाठी आम्ही पहिले "कोपरावरचं हेल्मेट" ठरवलं होतं, समोरच्याने ऐकलं "कोपऱ्यावरचं हेल्मेट", त्याला वाटलं कोपऱ्यावरच्या कोणत्या दुकानाची गोष्ट आहे. म्हणून मग ते "हातातलं" झालं. जोडाक्षरं आणि रफार जितके कमी तितकं फोनवरही बरं आणि मोबाइलवरही, कारण ऑनलाइन दुकानात तुमचं कव्हर नखाएवढं दिसते आणि त्यात वेलांट्या, रफार सगळं एकात एक जाते. नाव रोमन अक्षरांत टाइप करून पण बघा, लोक सर्च तसंच करतात, आणि तीन माणसांनी तीन स्पेलिंगं केली तर विचार करा.

कोणी म्हणेल आधीच या नावाचं पुस्तक आहे तर? कायद्याने नावावर कॉपीराइट नसतो, "देसी बॉईज" सिनेमाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१५ साली हेच सांगितलं. एखाद्या मालिकेचं किंवा ब्रँडचं नाव ट्रेडमार्क केलेलं असू शकते, ते तेवढं तपासा. पण कायदा सोडा, एकाच विषयावर एकाच नावाची दोन पुस्तकं असली की लोक दुसरंच मागवतात, म्हणून ऑनलाइन दुकानं आणि एखाद्या मोठ्या लायब्ररीचा कॅटलॉग बघून घ्याच. सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघात ओळखीचं कोणी असेल तर त्यांनाही विचारा, जुनी माणसं जे सांगतात ते गुगलला सापडत नाही.

हे सगळं आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, घेण्याच्या आधी. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो ऑनलाइन आणि फुकट भेटते, पण फॉर्ममध्ये नाव लिहावं लागते, आणि नंतर नाव किंवा उपशीर्षक बदललं तर नवा नंबर घ्यावा लागते. मुखपृष्ठवाल्याला नाव टाइप करून पाठवा, ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कोणाकडून तपासून, आणि कव्हर बनवायच्या आधी पानं किती होतील ते विचारून घ्या, दीडशे पानांच्या पुस्तकाचा कणा एक सेंटिमीटरही भरत नाही आणि कपाटात तर फक्त तेवढंच दिसते, त्यावर उपशीर्षक बसणार नाही, नाव आणि आडनाव बसलं तरी खूप झालं.