सिग्मा की निकॉन? निकाल देण्याआधी या चुका टाळा

'सिग्मा १५०-६०० (सिग्मा कंपनीची दूरचं टिपणारी झूम लेन्स, आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये) सॉफ्ट आहे', म्हणजे फोटो मऊ, धार नसलेले येतात, असं सांगत लोक मला फोटो दाखवतात. त्यातले बरेचसे भर दुपारचे असतात. भिगवणला ओळखीच्या एकाने असाच निकाल लावला. सकाळी सातला मित्राच्या निकॉन २००-५०० ने होडीजवळचे चित्रबलाक टिपले आणि अकरा वाजता स्वतःच्या सिग्माने पार पलीकडच्या काठावरचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो). अंतर कितीतरी जास्त, मधली हवा तापून थरथरतेय. पिसांचा लगदा झाला. अशा हवेतून कुठल्याही किमतीची लेन्स हेच दाखवते, पण ऐकतो कोण? लेन्स पडेल भावात विकली. नव्या मालकाने तिच्यातूनच कोवळ्या उन्हात खंड्या टिपला, पीस न् पीस सुटं. तो फोटो पाहून आमचे साहेब म्हणाले, "त्याला चांगली कॉपी (त्याच मॉडेलचा चांगला नग) मिळाली." अहो, ती तुमचीच होती!

तुलना करायची तर पक्षी सोडा. मी सकाळी वीस-पंचवीस मीटरवरचं खरबरीत सालीचं झाड धरतो. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. कंटाळवाणं आहे, मान्य.

दुसरी चूक डीएसएलआरवाल्यांची (आत आरसा असलेले कॅमेरे). तिथे फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीचं जुळलं नाही तर फोकस थोडा पुढे-मागे पडतो, आणि खापर काचेवर फुटतं. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत) फोकस करून एक फोटो घ्या. तो धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधून घेतलेला मऊ असेल, तर काच ठीक आहे, फोकस जुळवायचाय. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉन या दुसऱ्या लेन्स कंपनीचा टॅप-इन कन्सोल, ही लेन्स कॉम्प्युटरला जोडायची उपकरणं, त्यासाठीच आहेत. सिग्माच्या या झूमला चार फोकल लेंग्थ आणि प्रत्येकी चार अंतरं, अशा सोळा जागी दुरुस्ती करता येते. एक संध्याकाळ जाते. ती न देता 'थर्ड पार्टी (कॅमेऱ्याच्या कंपनीची नसलेली लेन्स) शेवटी थर्ड पार्टीच' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे ही कटकट जवळपास नाहीच.

निकॉन ५०० मिलिमीटरला एफ/५.६ (अपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड; आकडा लहान तितकं ते मोठं), सिग्मा ६०० ला एफ/६.३. हे फोटो शेजारी ठेवून काय कळणार? दोन्ही ५०० ला आणा, दोन्ही एफ/८ ला. मग पूर्ण उघडं अपर्चर वेगळं तपासा, कारण पहाटे जंगलात तेच वापराल.

दोन वेगळ्या मेगापिक्सेलच्या बॉडींवर शंभर टक्के झूम करून तुलना नको.

जेपेगवर निकाल नको. कॅमेरा आपल्या कंपनीच्या लेन्सच्या कडा गुपचूप सुधारतो, परक्या लेन्सला बऱ्याचदा ती सवलत नसते. रॉ (कॅमेऱ्याने जेपेग न बनवलेली मूळ फाइल) उघडा, दोन्हीकडची करेक्शन्स बंद करा.

स्वस्त यूव्ही फिल्टर काढा. हजारो रुपयांच्या काचेपुढे तीनशेची काच लावून कसली शार्पनेस मोजता?

राहिली कॉपी. खोडावरची तीच गाठ आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून फोटो घ्या, फोकस दरवेळी गाठीवरच. एकच कोपरा सतत मऊ येत असेल तर आतली काच सरकलेली असू शकते, आणि हे महागड्या कंपनीच्या लेन्समध्येही घडतं. अशी लेन्स दुकानदार किती दिवसांत बदलून देतो, हे बिल करण्याआधी विचारा.