निवृत्तीनंतरचा पहिला लांबचा प्रवास कसा आखावा

सैन्यातून निवृत्त होऊन गोव्यात पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतल्या आपल्या घरी परतलेल्या माणसाला ‘आता पुढे काय?’ असे चारचौघे पहिल्याच आठवड्यात विचारू लागतात, आणि त्यांना काहीतरी उत्तर द्यायचे म्हणून तो हाती येईल ती सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो. त्याआधी त्याने तीन-चार आठवड्यांचा रस्त्याचा प्रवास करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. आपल्या आधी पलटण सोडलेले सहकारी आज काय करतात, हे त्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहणे हाच या प्रवासाचा हेतू असावा.

निघण्यापूर्वी कागदपत्रे पुरी करावीत. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, आणि माजी सैनिकाचे ओळखपत्र यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड असलेल्याला वाटेत तातडीने योजनेच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ४८ तासांच्या आत जवळच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला कळवावे लागते, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना ना निवृत्तिवेतन आहे ना ही सुविधा, म्हणून त्यांनी स्वतंत्र आरोग्यविमा घेतल्याशिवाय निघू नये. सैन्याचा वाहनपरवाना सरकारी गाडीपुरताच असतो. खासगी गाडीसाठी आरटीओचा परवाना हवा. टोलमधली सवलतही सेवेबरोबरच संपते, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवावेत.

पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, म्हणून ऑक्टोबर उलटल्यावर निघणे बरे. साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगाव गाठावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर तिथेच असल्याने त्या पलटणीतल्या माणसाला जुन्या ओळखी लगेच सापडतील. पुढे कोल्हापूर, सातारा आणि पुणे. साताऱ्याजवळचे अपशिंगे, ज्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, तिथे एक दिवस अवश्य राहावे, कारण पिढ्यान् पिढ्या फौजेत माणसे पाठवणाऱ्या गावात निवृत्तांचा अनुभवही तितकाच जुना असतो. पुण्याला माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे दक्षिण विभागाचे कार्यालय आहे. तिथे पात्रता आणि योजनांची चौकशी समक्ष करता येते. परतताना कोकणातून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला उतरावे.

खरे महत्त्व भेटींना आहे. सहकाऱ्याच्या घरी संध्याकाळी जेवायला गेल्यास जुन्या पोस्टिंगच्या आठवणी निघतात आणि कामाचे राहून जाते, म्हणून सकाळीच त्याच्या दुकानात, गोठ्यात, बँकेत किंवा कारखान्याच्या फाटकावर जाऊन निदान अर्धा दिवस शेजारी बसावे. महिन्याला हातात किती पडते, पहिल्या वर्षी किती अडकले, साहेब म्हणून ऐकण्याची सवय असलेल्याला गिऱ्हाइकाचे बोलणे कसे सोसले, आणि पुन्हा निवड करायची झाली तर हेच काम धरेल का, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. तेच प्रश्न वहिनींनाही विचारावेत. तोट्याचा हिशेब अनेकदा त्याच नीट सांगतात. केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील पदांत माजी सैनिकांसाठी १० टक्के आरक्षण आहे, पण परीक्षेची तयारी नेमकी कशी केली, हे नोकरी मिळालेल्याकडूनच समजून घ्यावे.

पत्नीला सोबत न्यावे, असे माझे ठाम मत आहे. वर्षानुवर्षे जिने घर, सासू-सासरे आणि मुलांच्या शाळा एकटीने सांभाळल्या, तिला परतल्या परतल्या पुन्हा मागे ठेवून जाणे न्याय्य नाही, शिवाय पुढचा व्यवसाय तिच्या मदतीवाचून उभा राहत नाही. मुलांच्या परीक्षांमुळे तिला पूर्ण वेळ येणे शक्य नसेल, तर निदान बेळगाव-कोल्हापूरचा टप्पा तरी तिच्या सोबतीने करावा.

ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून आगाऊ घेतलेली, रक्कम एकदम हाती आलेली असते आणि वाटेत भागीदारीचे प्रस्ताव हमखास येतात. ती रक्कम आधीच मुदत ठेवीत टाकून प्रवास मासिक निवृत्तिवेतनात भागवावा, आणि घरी पोहोचेपर्यंत कोणाच्याही कागदावर सही करू नये, मग तो माणूस एकाच खंदकात राहिलेला का असेना. परतल्यावर दोघांनी मिळून वहीतल्या नोंदी वाचाव्यात, मनात भरलेली दोन कामे निवडावीत, आणि ती करणाऱ्या सहकाऱ्याला फोन करून आठवडाभर बिनपगारी हाताखाली काम करू देण्याची विनंती करावी.