घरच्या संगणकावर फुकटच्या अँटिव्हायरसवर विसंबावे का?

विंडोज १० किंवा विंडोज ११ असलेल्या घरच्या संगणकात एक फुकट अँटिव्हायरस मुळातच बसवलेले असते, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. त्याचे नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. त्यामुळे फुकटच्या अँटिव्हायरसचा हा प्रश्न खरे तर दोन प्रश्नांचा आहे. संगणकाबरोबरच आलेल्या या राखणदारावर विसंबावे का, हा पहिला. आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या दुसऱ्या एखाद्या फुकट अँटिव्हायरसवर विसंबावे का, हा दुसरा. पहिल्याला माझे उत्तर ‘होय’ असे आहे, मात्र खाली सांगितलेल्या गोष्टी एकदा स्वतः तपासून घ्याव्यात. दुसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी, ते अँटिव्हायरस फुकट देणाऱ्या कंपनीचे पोट कशावर चालते, हे पाहावे लागते.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स या नावाने एक फुकट अँटिव्हायरस दिले होते. ते वेगळे उतरवून घ्यावे लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हा तीच यंत्रणा डिफेंडर या नावाने विंडोजमध्येच समाविष्ट झाली. सुरुवातीची काही वर्षे ती चाचण्यांमध्ये मागे पडत असे आणि ‘डिफेंडर असून नसल्यासारखे’ ही समजूत त्या काळातली आहे. जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था अशी उत्पादने नियमितपणे तपासतात आणि त्यांच्या अलीकडच्या वर्षांतील निकालांत डिफेंडर विकतच्या उत्पादनांच्या बरोबरीने उभे राहिलेले दिसते. एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. अनोळखी फाइल समोर आली की डिफेंडर तिच्याविषयी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे विचारणा करते, त्यामुळे इंटरनेट बंद असताना त्याची नजर बरीच मंदावते. पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल उघडण्याआधी इंटरनेट चालू असल्याची खात्री करणे म्हणूनच शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष तपासणी. स्टार्ट मेनूमध्ये विंडोज सिक्युरिटी असे शोधून ते उघडावे आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जावे. तेथे ‘मॅनेज सेटिंग्ज’वर टिचकी मारली की एकाखाली एक बटणे दिसतात, त्यांतील रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तीन चालू असलीच पाहिजेत. टॅम्पर प्रोटेक्शनचे काम असे, की एखाद्या घातक प्रोग्रामने राखणदारालाच गुपचूप बंद करायचा प्रयत्न केला तर तो हाणून पाडावा. त्याच पानाच्या तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ म्हणून एक यादी असते, म्हणजे ज्यांच्याकडे बघू नकोस असे डिफेंडरला सांगितलेले आहे त्या फोल्डरांची. ही यादी उघडून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत महत्त्वाची जागा हीच आहे. फुकटात मिळवलेल्या ‘क्रॅक’ केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या, सॉफ्टवेअरबरोबर हटकून एक सूचना येते, की आधी अँटिव्हायरस बंद करा किंवा हा फोल्डर त्यातून वगळा. ती सूचना ज्या घरात पाळली गेली, तेथे जगातील कोणतेही अँटिव्हायरस निरुपयोगी ठरते. यादीत संपूर्ण सी ड्राइव्ह किंवा तुम्ही स्वतः न घातलेला फोल्डर दिसला, तर ती नोंद काढून टाकावी आणि लगेच पूर्ण स्कॅन करावा.

‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ या दुसऱ्या विभागात नको असलेली अ‍ॅप रोखण्याची सोय आहे, तीही चालू करून ठेवावी. रॅन्समवेअरपासून, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामांपासून, संरक्षण देणारे ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आधीच्या ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये असते आणि ते मात्र मुळात बंद असते. ते चालू केले की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांत लिहिता येत नाही. टायपिंगचे एखादे जुने सॉफ्टवेअर त्यात अडू शकते. तेव्हा तेवढ्याच प्रोग्रामला परवानगी द्यावी, सगळी सोय बंद करू नये.

राखणदार जागा आहे की नाही, हे पाहण्याचा एक निर्धोक मार्ग आहे. आयकार या युरोपीय संस्थेने खास चाचणीसाठी अवघ्या ६८ अक्षरांची एक फाइल तयार केलेली आहे. ती कोणतेही नुकसान करू शकत नाही, परंतु तिला व्हायरस समजून पकडायचे असे अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसांत मान्य केलेले आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती उतरवून पाहावी. ती विनातक्रार तुमच्या डाउनलोड्समध्ये येऊन बसली आणि उघडल्यावरही कोणी हटकले नाही, तर काहीतरी बिघडलेले आहे.

आता बाहेरून आणलेल्या फुकट अँटिव्हायरसकडे वळू. अँटिव्हायरस हा संगणकावरील इतर प्रोग्रामांसारखा प्रोग्राम नव्हे. प्रत्येक फाइल उघडून पाहण्याचा आणि पुष्कळदा तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर जाता हे तपासण्याचाही अधिकार आपण त्याला देतो. घराची किल्ली ज्याच्या हाती द्यायची त्याची चौकशी आपण करतो, तशीच येथे करायला हवी. अव्हास्टचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. या कंपनीचे फुकट अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी संगणकांवर होते आणि व्हायरस पकडण्यात ते कमी नव्हते. परंतु तिची जम्पशॉट नावाची उपकंपनी वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती इतर कंपन्यांना विकत होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघडकीस आणले आणि काही दिवसांतच जम्पशॉट बंद करण्यात आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. जे सॉफ्टवेअर माग काढणाऱ्यांपासून वाचवतो असे सांगत होते, त्याच्याच आडून माग काढला जात होता, हा त्यातला गंभीर भाग आहे. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत, हेही तुलना करताना माहीत असावे.

सगळ्याच फुकट अँटिव्हायरसांमागे असा व्यवहार असतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळ कंपन्यांचे गणित साधे असते: फुकट आवृत्ती द्यायची आणि तिच्यातूनच विकतच्या आवृत्तीचा तगादा लावायचा. हा तगादा कसा असतो, ते मी माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर जवळून पाहिले. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने लाल चौकट वर येई, ‘तुमच्या संगणकात अनेक समस्या आढळल्या’ असे तीत लिहिलेले असे आणि खाली दुरुस्तीचे मोठे बटण असे. मावशीने घाबरून बँकेचे व्यवहारच थांबवले होते. त्या समस्यांची यादी उघडून पाहिली, तर तीत तात्पुरत्या फायली आणि ब्राउझरच्या कुकीज यांपलीकडे काही नव्हते. ते अँटिव्हायरस तिने मागितलेलेही नव्हते. पीडीएफ जोडण्याचा एक फुकट प्रोग्राम बसवताना आधीच बरोबरची खूण केलेल्या एका चौकटीतून ते आत आले होते, आणि ते आल्याबरोबर डिफेंडर बाजूला झाले होते. दुसरे अँटिव्हायरस बसवले की डिफेंडर आपली सततची राखण थांबवते, अशीच विंडोजची रचना आहे, कारण दोन राखणदार एकाच फाइलवर झडप घालू लागले तर संगणक रडतखडत चालतो.

असे अँटिव्हायरस काढायचे झाल्यास सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीतून ते अनइन्स्टॉल करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. काही अवशेष उरलेच, तर बहुतेक कंपन्या स्वतःचे काढणीचे साधन देतात, ते त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. त्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर पुन्हा कामावर आल्याचे डोळ्यांनी पाहावे. नव्या लॅपटॉपबरोबर थोड्या दिवसांपुरते आलेले आणि मुदत संपलेले अँटिव्हायरसही असेच काढून टाकावे. पैसे भरून घेतलेले अँटिव्हायरस वाईट असते असे नाही. पुण्याच्या क्विक हीलची खोकी आपल्याकडे कित्येक घरांनी दुकानातून घेतलेली आहेत. मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याची सोय किंवा अडचणीत फोनवर मदत हवी असेल, तर तो खर्च समजण्यासारखा आहे. केवळ व्हायरसच्या भीतीने तो करण्याची गरज बहुतेक घरांना नाही.

व्हायरस शिरल्याची शंका असेल, तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करावा. तो विंडोज सुरू होण्यापूर्वी चालत असल्याने दडून बसलेल्या प्रोग्रामला आडोसा उरत नाही. दुसरे मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चालते, कारण ती आपण सांगू तेव्हाच तपासते आणि डिफेंडरच्या कामात आड येत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची साधने विनामूल्य मिळतात. एखाद्या फाइलविषयी संशय असल्यास ती व्हायरसटोटल या संकेतस्थळावर चढवून अनेक अँटिव्हायरसांचे मत एकदम घेता येते, मात्र तेथे चढवलेली फाइल इतरांच्याही हाती पडू शकते, म्हणून आधार कार्ड किंवा बँकेचे कागद तेथे कधीही टाकू नयेत.

स्क्रीनभर इशारा झळकून त्यात ‘या क्रमांकावर फोन करा’ असे आले, तर तो कोणत्याही अँटिव्हायरसचा इशारा नसून फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. फोन करून बसलेला आणि समोरच्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप बसवलेला माणूस अँटिव्हायरसच्या राखणीबाहेर जातो, कारण ते अ‍ॅप खरेच असते आणि परवानगी आपणच दिलेली असते. पैसे गेलेच, तर एक तासही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ज्यांचा संगणक ११ वर जाऊ शकतो, त्यांनी अँटिव्हायरसची निवड करत बसण्याआधी ते काम उरकावे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ज्या त्रुटीतून संगणक कुलूपबंद केले, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती न घेतलेले संगणक सापडले. आणि घरच्या फोटोंची, कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकाला जोडलेलीच राहिली, तर रॅन्समवेअर तिच्यावरील फायलीही सोडत नाही.